हिब्रू प्रेमगीत आणि तीन मिनिटांची मर्यादा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : राजारामपुरीत आमचा भावगीते म्हणणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पेटी-तबला घेऊन बसतो. मागच्या महिन्यात आमच्यापैकी एकाच्या नातवाने हारेल स्कात या इस्रायली गायकाचे ‘मिलीम’ हे हिब्रू प्रेमगीत मोबाइलवर ऐकवले. एक शब्दही कळला नाही, तरी गाणे सर्वांना लागले. हे गीत २०१० साली युरोव्हिजन या आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत होते आणि तिथे ते चौदावे आले, असे त्या मुलाने सांगितले. इंग्रजीत गायले असते तर पहिले आले असते, असे त्याचे ठाम मत आहे. त्यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. केवळ भाषेमुळे हे गीत मागे पडले काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : केवळ भाषेमुळे ते मागे पडले, असे मला वाटत नाही. आपल्या गटातील वादाला मात्र चांगला आधार आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

‘मिलीम’चे शब्द नोम होरेव यांचे आणि संगीत तोमेर हदादी यांचे. त्या वर्षी इस्रायलच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने आधी गायक ठरवला, मग त्याच्याकडून चार गीते गाऊन घेतली आणि त्यांतून हे निवडले. सोडून गेलेल्या व्यक्तीने मागे फक्त शब्द ठेवले आहेत आणि आता त्या शब्दांशीच दिवस काढायचे आहेत, एवढाच त्याचा आशय आहे. गायक सुरुवातीला आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर दाबून धरतो, मधल्या भागात तो थोडा सैल करतो आणि अखेरीस गळा पूर्ण खुला सोडतो. आपल्या गटाला शब्द न कळताही जे भिडले, ते बहुधा हे आवाजाचे उघडत जाणे असावे.

आता निकालाकडे पाहू. मे २०१० मध्ये ऑस्लोजवळ झालेल्या अंतिम फेरीत पंचवीस गीते होती. ‘मिलीम’ला ७१ गुण मिळाले आणि ते चौदावे आले. त्याच वर्षी या स्पर्धेच्या निमित्ताने दिली जाणारी मार्सेल बेझाँसाँ पारितोषिके जाहीर झाली. पत्रकारांचे, समालोचकांचे आणि सहभागी संगीतकारांचे अशी ती तीन पारितोषिके असत, आणि त्या वर्षी तिन्ही याच गीताला मिळाली. म्हणजे गाणी ऐकणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा लोकांनी हिब्रूतील हे गीत सर्वांत वर ठेवले होते.

अंतिम गुणांचा अर्धा भाग त्या काळी प्रत्येक देशातील संगीतक्षेत्रातील परीक्षकांकडून येई आणि उरलेला अर्धा प्रेक्षकांच्या दूरध्वनीवरील मतांतून. स्पर्धा संपल्यावर हे दोन्ही हिशेब वेगळे करून प्रसिद्ध झाले, तेव्हा परीक्षकांनी ‘मिलीम’ला बरेच वरचे स्थान दिल्याचे आणि प्रेक्षकांनी फारच खालचे दिल्याचे दिसले. या दोहोंच्या मधून तो चौदावा क्रमांक निघाला. माझ्या मते आपल्या वादाचा निकाल इथेच लागतो. नॉर्वेतील परीक्षकाला हिब्रू जितकी परकी, तितकीच नॉर्वेतील प्रेक्षकालाही परकी. अडसर भाषेचा असता, तर दोघांकडेही गीत सारखेच घसरले असते. ते एकीकडे चढले आणि दुसरीकडे उतरले, तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

ते कारण मला गीताच्या बांधणीत आणि ऐकण्याच्या परिस्थितीत दिसते. युरोव्हिजनमध्ये कोणतेही गीत तीन मिनिटांपेक्षा लांब असून चालत नाही. आपण भावगीते गाता, त्यामुळे या मर्यादेचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. आपले भावगीत ७८ आरपीएमच्या तबकडीवर वाढले, आणि त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. म्हणून आपल्या संगीतकारांनी, त्यांत कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके आलेच, मुखडा पहिल्या काही क्षणांतच श्रोत्याच्या हाती द्यायचा आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर त्याला पुन्हा तिथे आणून सोडायचे, ही रीत पक्की केली. पहिल्यांदाच ऐकणाऱ्यालाही अर्ध्या मिनिटात गाण्याचे घर सापडते. ‘मिलीम’ची चाल याच्या उलट आहे. ते आपले बळ राखून ठेवते आणि शेवटच्या मिनिटात खर्च करते. घरी शांतपणे बसून ऐकणाऱ्याला, किंवा तेच गीत दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याला, यात मोठा आनंद आहे. परंतु एका रात्रीत लागोपाठ पंचवीस गाणी एकेकदाच ऐकून मत देणाऱ्या माणसाच्या मनात गाणे पकड घेते न घेते तोच ते संपलेले असते. परीक्षक आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीवर गुण देत असत, ऐकण्याचा सराव असलेल्या कानांनी आणि हातात कागद घेऊन. एवढा फरक पुरेसा आहे.

जुना इतिहासही हेच सांगतो. १९७७ पासून १९९८ पर्यंत प्रत्येक देशाने आपल्याच भाषेत गायले पाहिजे, असा या स्पर्धेचा नियम होता. त्या काळात हिब्रू गीते १९७८ साली पॅरिसला आणि १९७९ साली जेरुसलेमला पहिली आली, १९८२ व १९८३ साली दुसरी आली आणि १९९१ साली रोमला तिसरी. कोणाला हिब्रू कळत होते म्हणून नव्हे. १९८२ चे ‘होरा’ तर नृत्याच्या ठेक्यावरचेच गीत होते आणि ठेक्याला दुभाषा लागत नाही. याच काळात, १९९० साली झाग्रेबला, रिता या तेहरानमध्ये जन्मलेल्या गायिकेने ‘शारा बरखोवोत’ हे विरहाचे संथ गीत गायले आणि बावीस गीतांत ते अठरावे आले. तिथे तर सर्वच जण आपापल्या भाषेत गात होते, मग हिब्रूला दोष कसा देणार? संथ प्रेमगीताला तीन मिनिटांत परक्या श्रोत्यांच्या घरात शिरणे मुळातच अवघड जाते, मग ते कोणत्याही भाषेतले असो. रिताचे ते गीत इस्रायलमध्ये आजही आवडीने ऐकले जाते.

मात्र अवघड म्हणजे अशक्य नव्हे. भाषेचा नियम १९९९ मध्ये, जेरुसलेमच्याच स्पर्धेच्या वेळी, उठला आणि त्यानंतर बहुतेक देश इंग्रजीकडे वळले. तरीही २००७ साली हेलसिंकीत मारिया शेरिफोविच हिने सर्बियन भाषेत ‘मोलित्वा’ गाऊन २६८ गुणांसह स्पर्धा जिंकली. २०१७ साली कीव्हमध्ये साल्वादोर सोब्राल याने आपल्या बहिणीने रचलेले पोर्तुगीज प्रेमगीत अगदी हलक्या आवाजात गायले आणि ७५८ गुण मिळवून पोर्तुगालला पहिल्यांदाच विजय मिळवून दिला. त्या देशाने १९६४ पासून वाट पाहिली होती. ही दोन्ही गीते संथ आहेत आणि दोन्ही स्वभाषेत आहेत. दोन्हींची चाल मात्र पहिल्याच ओळीत आपले तोंड दाखवते.

नातवाच्या बाजूनेही एक पुरावा आहे आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. २००५ साली शिरी मायमोन हिचे ‘हशेकेत शेनिशआर’ हे असेच विरहगीत हिब्रूत सुरू होऊन इंग्रजीत संपले आणि १५४ गुणांनी चौथे आले. २००८ साली बोआझ माउदा याचे हिब्रू-इंग्रजी गीत नववे आले. उलट २०१३ साली माल्म्योमध्ये मोरान माझोर हिचे संपूर्ण हिब्रू प्रेमगीत उपांत्य फेरीच्या पुढे गेले नाही. नुसते क्रमांक मांडले, तर इंग्रजीची जोड देणे फायद्याचे दिसते, हे मान्य केले पाहिजे. तथापि तीन-चार गीतांवरून नियम बांधता येत नाही. शिरी मायमोन हिच्या गीतातील इंग्रजी भाग येतो, तेव्हा तिने आपल्या आवाजाने सभागृह आधीच जिंकलेले असते, असे ते गीत पुन्हा पुन्हा ऐकून माझे मत झाले आहे. ‘मिलीम’च्या मध्यावर इंग्रजी घातले असते, तर दोन-चार गुण वाढलेही असते. पण जो माणूस आपल्या माणसाच्या शब्दांना धरून बसला आहे, त्याच्या तोंडी अर्ध्या वाटेवर दुसऱ्याच लोकांची भाषा आली असती, आणि गायकाने सुरुवातीपासून जपलेला एकांत तिथेच मोडला असता. हे गीत ज्यांनी अखंड हिब्रूत ठेवले, त्यांनी योग्य केले, असे मी मनापासून मानतो.

प्रश्न : इस्रायल आशियात आहे. मग युरोपच्या स्पर्धेत त्याचे गीत कसे? आमच्या वाचनालयात यावर कोणालाच समाधानकारक उत्तर देता आले नाही.
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ही स्पर्धा युरोप खंडाची नाही, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेची आहे. तिचे प्रसारणक्षेत्र भूमध्य समुद्राच्या दक्षिण व पूर्व किनाऱ्यावरील देशांनाही सामावून घेते. इस्रायलची सार्वजनिक प्रसारण संस्था या संघटनेची सदस्य आहे. याच न्यायाने १९८० साली मोरोक्कोनेही भाग घेतला होता. ऑस्ट्रेलिया २०१५ पासून निमंत्रणावरून येऊ लागला, तो प्रकार निराळा. इस्रायलचा पहिला सहभाग १९७३ सालचा, लक्झेम्बर्गमधला. इलानित हिने ‘एय शाम’ गायले आणि ते चौथे आले. त्याच्या संगीतकार नुरित हिर्श यांनी त्या रात्री वाद्यवृंदाचे संचालनही स्वतः केले होते आणि त्या काळी या मंचावर वाद्यवृंदापुढे स्त्री उभी राहणे ही नवलाची गोष्ट होती. गाझातील युद्धापासून इस्रायलच्या सहभागावर युरोपात तीव्र मतभेद आहेत, आणि २०२६ च्या स्पर्धेतून स्पेन, आयर्लंड व नेदरलँड्ससह काही देशांच्या प्रसारण संस्थांनी याच कारणाने माघार घेतली, हेही या संदर्भात ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी शिवाजी पेठेत राहते. अकरा-बारा वर्षे शास्त्रीय गायन शिकले आहे. आमच्या महिला मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात ‘मिलीम’ गाण्याची माझी फार इच्छा आहे. काही जणी म्हणतात, त्या चालीवर मराठी शब्द बसवून घे, म्हणजे लोकांना कळेल. गुरुजींचे म्हणणे असे की, परक्या भाषेचे उच्चार बिघडवण्यापेक्षा हे गाणेच नको. मी काय करावे?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, आपण हे गीत अवश्य गावे, आणि हिब्रूतच गावे. गुरुजींची काळजी रास्त आहे, पण उच्चार ही शिकून घेण्याची गोष्ट आहे आणि शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या कानाला ती जड नाही.

मराठी शब्द बसवण्याबाबत प्रथम व्यवहाराची गोष्ट सांगतो. मूळ गीतावर ज्यांचे हक्क आहेत, त्यांच्या परवानगीशिवाय चालीवर नवे शब्द घालून जाहीर कार्यक्रमात सादर करणे योग्य नाही. दुसरी गोष्ट गाण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. हिब्रू शब्दांत आघात बहुधा शेवटच्या अक्षरावर पडतो. ‘मिलीम’मध्ये तो ‘लीम’वर आहे, आणि प्रेमाला त्या भाषेत ‘अहावा’ म्हणतात, त्यात तो ‘वा’वर येतो. चाल याच आघातांना धरून बांधलेली असते. मराठीत असा जोरकस शेवटचा आघात नसल्यामुळे मराठी शब्द त्या स्वरांवर बसवले की ते ओढल्यासारखे वाटतात, आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळूनही गाणे पोहोचत नाही.

शिकताना संपूर्ण गीत देवनागरीत लिहून काढा आणि प्रत्येक शब्दातील आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढा. मूळ ध्वनिमुद्रण लावून आधी आठ-दहा दिवस नुसते बोलून घ्या, गाऊ नका. दोन वर्णांकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. त्यांचा ‘ख़’ आपल्या ‘खडू’मधला नाही, तो कंठात घासत निघतो, उर्दू गझल नीट म्हणणारे ‘ख़्वाब’ म्हणतात तसा. आणि आजच्या हिब्रूतील ‘र’ जिभेच्या टोकाने न काढता घशाच्या मागच्या भागातून काढतात. हे दोन साधले की बाकीचे सोपे आहे. आणखी एक दक्षता घ्यावी. मराठीत ‘गेलास’ आणि ‘गेलीस’ यांवरून कोणाशी बोलणे चालले आहे ते कळते, तसेच हिब्रूतही आहे. तिथे तर ‘तू’सुद्धा स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळा. पुरुषाने गायलेले गीत स्त्रीने गाताना काही रूपे बदलावीत की मूळचीच ठेवावीत, हे ती भाषा जाणणाऱ्यास विचारूनच ठरवा.

असे जाणकार फार दूर नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची घरची भाषा मराठीच आहे. त्यांतील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतरच्या काळात इस्रायलला गेली असली, तरी मुंबई, ठाणे, पुणे आणि अलिबागकडे काही कुटुंबे अजून आहेत. एकोणिसाव्या शतकात याच समाजाने बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचून ती आपल्या कीर्तनाच्या थाटात उभी केली होती. एवढे मात्र ध्यानात ठेवा की प्रार्थनेच्या हिब्रूचे पारंपरिक उच्चार आणि आजच्या गीतांतील उच्चार यांत थोडा फरक असतो. शंका आली तर ध्वनिमुद्रण प्रमाण मानावे.

आता गायनाविषयी. आपली तालीम इथे जितकी कामाला येईल, तितकीच आडवीही येईल. दीर्घ श्वास, सुराची स्थिरता आणि आवाजाचा हळूहळू विस्तार करणे, हे सारे वापरा. मुरक्या, खटके आणि लांब मींड मात्र बाजूला ठेवा. या गीतात स्वर सरळ उभा राहून शब्द सांगतो, आणि त्याला सजवायला गेले की त्यातली दुःखाची रेषा पुसट होते. पट्टी ठरवताना आपण एरवी जिथून गाता तिथून सुरुवात करू नका. शेवटच्या भागातील सर्वांत उंच स्वर कोणत्या पट्टीत आपल्याला न किंचाळता, पूर्ण भरलेल्या आवाजात चार-पाच सेकंद धरता येतो, ते आधी पाहा, आणि तिथून मागे येत आरंभ शोधा. आरंभ फारच खाली गेला तरी चालेल, कारण तिथे कुजबुजीसारखा आवाजच हवा आहे. शेवट मात्र अपुऱ्या आवाजाने गायला, तर हे गीत उभेच राहत नाही.

साथीला पेटी नको. आपल्याकडे पेटीवाला गाणाऱ्याच्या मागोमाग तेच स्वर वाजवत येतो आणि भावगीतात ते शोभतेही. इथे गळ्याखाली स्वरसंगती हवी, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर हवेत, आणि गळा त्यांच्यावर एकटा चालला पाहिजे. कीबोर्ड वाजवणारी व्यक्ती मिळाली तर उत्तम. तबला घेऊच नका. पूर्वध्वनिमुद्रित साथीवर गाण्यातही कमीपणा नाही. १९९९ पासून युरोव्हिजनमध्ये वाद्यवृंद नसतो. तिथेही साथ ध्वनिमुद्रित असते आणि मुख्य गायक तेवढा प्रत्यक्ष गातो.

श्रोत्यांना अर्थ कळावा, ही मैत्रिणींची अपेक्षा मात्र अगदी योग्य आहे. गाण्याआधी दोन वाक्यांत आशय सांगा आणि लगेच सुरू करा. मध्ये थांबून ओळींचा अर्थ सांगू नका.

प्रश्न : या स्पर्धेतील आणखी कोणती हिब्रू प्रेमगीते ऐकावीत?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : १९७५ सालचे श्लोमो आर्त्सी यांचे ‘आत व-अनी’ आणि १९७७ साली इलानित हिने गायलेले ‘अहावा ही शीर लिश्नायिम’ यांनी सुरुवात करा. दोन्ही अकरावी आली होती. दोन्हींत वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजतो आहे, आणि आपल्याकडील जुन्या चित्रपटगीतांच्या श्रोत्याला ती व्हायोलिने ओळखीची वाटतील. नंतर १९७८ चे विजेते ‘अ-बा-नी-बी’ ऐका. आपल्याकडे मुले जशी ‘च’ची भाषा बोलून मोठ्यांपासून गुपित राखतात, तशीच ‘ब’ची भाषा तिथली मुले बोलतात. लहानपणी प्रेमाची कबुली त्या भाषेत दडवून दिली जात असे, अशी त्या गीताची कल्पना आहे. ते संथ नाही. त्याच्यावर पाय हलतात. रिता आणि शिरी मायमोन यांच्या गीतांविषयी वर लिहिलेच आहे. ती दोन्ही एका बैठकीत, एकापाठोपाठ ऐकावीत, म्हणजे पंधरा वर्षांत विरहगीताची बांधणी किती बदलली ते कळते. रिता गीतातील पात्र होऊन गाते, शिरी मायमोन श्रोत्याकडे पाहून गाते. मला स्वतःला रिताचे गायन अधिक जवळचे वाटते. मोरान माझोर हिचे ‘राक बिशविलो’ उपांत्य फेरीतच अडले म्हणून गाळू नका. त्यातील शेवटचा चढ ‘मिलीम’च्या तोडीचा आहे, आणि तो कानावरून जाऊ नये यासाठी हे गीत मोबाइलच्या बारीक ध्वनिक्षेपकावर न ऐकता चांगले हेडफोन लावून ऐकावे.